मुक्काम ओएराशला, भटकंती लिस्बनभर

फेब्रुवारी लागला की उन्हाळी सहलीचे बेत सुरू होतात आणि पोर्तुगालला निघालेल्या वाचकांचे तेच तीन प्रश्न पुन्हा येतात. लिस्बनमध्ये हॉटेल परवडत नाही, बाहेरच्या शांत गावात घर घेतलं तर चालेल का? रोजच्या जाण्यायेण्यात दिवस फुकट जाईल का? आणि बरोबर म्हातारी माणसं असतील तर त्यांचे हाल होतील का?

थोडक्यात सांगायचं तर चालतं, आणि चांगलं चालतं. मात्र घर स्टेशनजवळ हवं आणि फिरण्याचा हावरेपणा आवरता हवा. मागच्या सप्टेंबरात मी, नवरा आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई असे तिघं लिस्बनच्या पश्चिमेला ओएराश नावाच्या उपनगरात अकरा रात्री राहिलो. खाली जे लिहिलं आहे, त्यातलं निम्मं चुका करून शिकलेलं आहे.

आधी ठरवा: उपनगर तुमच्यासाठी आहे का?

मुक्काम पाच रात्रींपेक्षा कमी असेल तर या भानगडीत पडू नका. लिस्बनमध्येच मेट्रोच्या स्टेशनाशेजारी छोटी खोली घ्या, दोन पैसे जास्त जाऊ द्या. तीन दिवसांत रोज दीड तास जाण्यायेण्यात घालवणं शहाणपणाचं नाही. रात्री उशिरापर्यंत फादुची गाणी ऐकत बसायचं असेल, तरीही शहरातच राहा.

उपनगर सोयीचं पडतं ते असं:

- एक आठवडा किंवा जास्त मुक्काम आहे आणि निदान एक वेळचं जेवण घरी करायचं आहे.
- बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी आहेत, ज्यांना दुपारी आडवं व्हायला स्वतःचं घर लागतं.
- लंडन-दुबईहून मुलं, सुना, नातवंडं येऊन तिथे भेटणार आहेत आणि तीन खोल्या हव्या आहेत.

गाडी भाड्याने घेण्याचा विचार असेल तर या मुक्कामापुरता तो सोडून द्या. लिस्बनमध्ये गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि सिन्त्राच्या डोंगरावर पेना राजवाड्याच्या वाटेला खासगी गाड्यांना मज्जावच आहे.

ओएराशच का?

लिस्बनच्या काइश दु सुद्रे स्थानकातून कश्काइशपर्यंत तेजो नदीच्या आणि पुढे समुद्राच्या काठाने एक लोकल धावते. आपल्याकडच्या पुस्तकांत ज्याला 'कास्केस' लिहितात, तेच हे कश्काइश. 1889 साली सुरू झालेला हा मार्ग सुमारे 26 किलोमीटरचा आहे आणि त्यावर सतरा स्थानकं आहेत. मुंबईकरांना चटकन समजेल असं सांगायचं तर काइश दु सुद्रे हे तिथलं चर्चगेट. ओएराश साधारण मधोमध. काही गाड्या ओएराशपर्यंतच येतात, आणि पुढे कश्काइशला जाणाऱ्या जलद गाड्याही इथे थांबतात. बाजूच्या छोट्या स्थानकांवर त्या थांबत नाहीत. एका बाजूला लिस्बन वीस-पंचवीस मिनिटांवर, दुसऱ्या बाजूला कश्काइश त्याहून जवळ. लिस्बनहून निघताना डावीकडची खिडकी धरा.

गाव शांत आहे. दुपारी बागेत पत्ते कुटणारे आजोबा, संध्याकाळी किनाऱ्याच्या पायवाटेवर चालणारी माणसं, आणि मधोमध मार्केश द पोंबालचा अठराव्या शतकातला वाडा. 1755 च्या भूकंपानंतर लिस्बन पुन्हा उभं करणारा हा मंत्री, ओएराशचा पहिला काउंट. आपली वसई 1739 साली चिमाजी आप्पांनी जिंकली, तेव्हा हा गृहस्थ पोर्तुगालचा वकील म्हणून लंडनमध्ये होता. त्याच्या वाड्यातल्या निळ्या फरशांसमोर उभं राहून नवऱ्याने ही गोष्ट सासूबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "मग बातमी ऐकून जेवण गेलं नसेल त्याला."

याच मार्गावर पासु द आर्कुश आणि कार्काव्हेलुश ही स्थानकंही राहायला चांगली आहेत. कार्काव्हेलुशची पुळण मोठी आहे, त्यामुळे उन्हाळ्यात तिथे गर्दी उसळते. कश्काइश देखणं आहे, पण पर्यटकांचंच गाव; शांतता आणि स्वस्ताई दोन्ही तिथे नाहीत. सिन्त्राच्या लोकलवर केलुश आहे. तिथे राजवाडा आहे, भाडी कमी आहेत आणि सिन्त्रा सरळ गाडीने गाठता येतं. पण दाट इमारतींची वस्ती आहे आणि समुद्र नाही. नदीपलीकडचं आल्मादा स्वस्त आहे, मात्र सिन्त्रा-कश्काइशच्या बाजूला जायचं तर प्रत्येक वेळी नदी ओलांडावी लागते.

घर पाहताना

जाहिरातीत 'स्टेशनपासून दहा मिनिटं' असं लिहिलेलं असतं. ती मिनिटं उतरणीची असतात. परतताना तोच चढ असतो. आम्ही पहिल्या दिवशी दोन मोठ्या बॅगा आणि सासूबाईंना घेऊन तो चढ चढलो, त्या संध्याकाळी घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तेव्हा घर ठरवण्याआधी नकाशावर रस्त्याचं छायाचित्र उघडा आणि स्टेशनपासून दारापर्यंतचा रस्ता डोळ्यांनी चालून बघा.

घरमालकाला लेखी विचारण्याच्या गोष्टी:

- लिफ्ट आहे का, आणि घर कितव्या मजल्यावर? तिथला पहिला मजला म्हणजे आपल्यासारखाच तळमजल्याच्या वरचा. जुन्या चारमजली इमारतींत लिफ्ट नसणं नेहमीचं आहे.
- गरम करायची सोय काय? नोव्हेंबर ते मार्च जाणार असाल तर हा पहिला प्रश्न. पोर्तुगालमधल्या पुष्कळ घरांत हीटरची पक्की व्यवस्था नसते, भिंती ओल धरतात, आणि बाहेर बारा अंश असताना आत त्याहून थंड वाटतं.
- नोंदणी क्रमांक कोणता? पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घराची सरकारदरबारी नोंद लागते. या प्रकाराला 'आलोजामेंतु लोकाल' म्हणतात आणि क्रमांकाच्या शेवटी 'एएल' ही अक्षरं येतात. क्रमांक न देणाऱ्याचं घर घेऊ नका.
- रस्त्याच्या बाजूचं घर आहे का? किनाऱ्याचा 'मार्जिनाल' रस्ता समुद्र दाखवतो आणि पहाटेपर्यंत गाड्यांचा आवाजही ऐकवतो. समुद्राच्या देखाव्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा स्टेशनजवळचं मागच्या गल्लीतलं घर घ्या.

ज्या संकेतस्थळावरून घर ठरवलं, त्याच्या बाहेर पैसे पाठवू नका. "थेट बँकेत भरा, दहा टक्के सूट देतो" असा निरोप आला तर तिथेच व्यवहार थांबवा.

तारखा ठरवताना एक लक्षात ठेवा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास याच मार्गावरच्या आल्जेशला 'नोस अलाइव्ह' हा मोठा संगीत महोत्सव भरतो. त्या दिवसांत गाड्या तुंबतात आणि भाडी चढतात. एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ उत्तम. ऑगस्ट टाळा.

कागदपत्रं, कर आणि तुमचे हक्क

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. प्रत्यक्षात दोन-अडीच महिने हाताशी ठेवा, कारण उन्हाळ्यात भेटीची तारीखच मिळत नाही. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. मुक्कामाचा पुरावा द्यायचा असतो, म्हणूनही नोंदणी असलेलंच घर हवं.

पोचल्यावर मालक पासपोर्टची माहिती मागेल. यात काही काळंबेरं नाही. परदेशी पाहुण्यांची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत सरकारला कळवणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. माहिती द्या, पासपोर्ट मात्र कुणाच्या ताब्यात देऊ नका.

नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांसाठी एक बारकावा आहे, आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. तुम्ही आधी पॅरिस किंवा माद्रिदला उतरून तिथून पोर्तुगालमध्ये आलात आणि हॉटेलात किंवा नोंदणी असलेल्या घरात न राहता भाच्याकडे, मैत्रिणीकडे राहिलात, तर तीन कामकाजाच्या दिवसांत आपल्या आगमनाची नोंद तुम्ही स्वतः करायची असते. यजमानांना आधीच चौकशी करून ठेवायला सांगा.

पर्यटन कर हा दुसरा गोंधळ. तो नगरपालिकेनुसार बदलतो. खुद्द लिस्बनमध्ये तो दर माणशी दर रात्री 4 युरो आहे, जास्तीत जास्त सात रात्रींचा, आणि तेरा वर्षांखालच्या मुलांना माफ. तुमच्या उपनगरात काय दर आहे आणि तो भाड्यात धरला आहे का, हे घर घेतानाच विचारा. दारात रोख मागितला तर पावती घ्या.

आता हक्कांचं. पोर्तुगालमध्ये प्रत्येक हॉटेलाला, दुकानाला, भाड्याच्या घराला तक्रारवही ठेवावीच लागते. तिचं नाव 'लिव्रु द रेक्लामासोंइश'. ती मागितल्यावर द्यावीच लागते, आणि लिहिलेल्या तक्रारीची प्रत तुम्हाला मिळते. नाकारली तर पोलिसांना बोलावण्याची मुभा आहे. तक्रार इंग्रजीत लिहिली तरी चालते. ऑनलाइन वहीही आहे. आम्हाला एका खाणावळीने न मागवलेल्या पदार्थाचे पैसे लावले होते; वहीचं नाव काढल्याबरोबर बिल दुरुस्त होऊन आलं. मालकाशी हुज्जत घालण्यापेक्षा हे तीन शब्द पाठ करा.

शेजाऱ्यांचेही हक्क आहेत. रात्री अकरा ते सकाळी सात शांतता पाळायची असते. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेपाच. घरच्यांशी व्हिडिओवर बोलायचं ते तिथल्या दुपारीच उरकून घ्या. मोठ्याने बोलणं आपल्याला जाणवत नाही, जिन्यापलीकडच्या आजींना जाणवतं.

कार्ड आणि गाडी

विमानतळावरून लाल मेट्रोने आलामेदा, तिथे हिरवी मेट्रो पकडून काइश दु सुद्रे, आणि वर येऊन कश्काइशची लोकल. सामान हलकं असेल तर हे सोपं आहे. तीन माणसं आणि चार बॅगा असतील तर उबर किंवा बोल्ट बोलवा. तिघांत वाटून ते जड जात नाही. उबर टाळण्याची काटकसर आम्ही केली आणि त्याचं फळ वर सांगितलंच.

'नावेगांत' नावाचं हिरवट पुठ्ठ्याचं कार्ड मेट्रोच्या यंत्रातून मिळतं. किंमत अर्धा युरो.

- माणशी एक कार्ड लागतं. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही.
- त्यात 'झापिंग' पद्धतीने पैसे भरा. तेच पैसे लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि नदीवरची बोट या सगळ्यांना चालतात. लोकलची एक फेरी साधारण दोन युरोंच्या घरात पडते.
- झापिंग भरलेल्या कार्डावर दुसऱ्या प्रकारचं तिकीट भरता येत नाही. दिवसभराचा पास हवा असेल तर वेगळं कार्ड घ्या.
- चढताना आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा कार्ड टेकवा. काही स्थानकांवर दारं आहेत, काहींवर नुसतं यंत्र उभं असतं. दार नाही म्हणून तसंच चढलात आणि तपासनीस आला, तर 'मला माहीत नव्हतं' हे ऐकून घेतलं जात नाही.

पासष्ट वर्षं पूर्ण झालेल्यांना सीपी या सरकारी रेल्वेत निम्मं तिकीट आहे. परदेशी नागरिकांनाही ते मिळतं. खिडकीवर पासपोर्ट दाखवून मागायचं. झापिंगच्या पैशातून ही सवलत कापली जात नाही, त्यामुळे एव्होरा किंवा तोमारसारख्या लांबच्या प्रवासाला तिचा खरा उपयोग. सासूबाईंनी तिकडे सर्वात अभिमानाने जपून ठेवलेली वस्तू म्हणजे ते अर्धं तिकीट.

दोन सापळे इथे आहेत. पहिला म्हणजे जलद गाडी. ती लिस्बनच्या बेलेम भागात थांबत नाही. आम्ही धावत एक गाडी पकडली, आणि तिथला जेरोनिमुशचा मठ खिडकीतून सर्रकन मागे गेलेला पाहिला. फलाटावरच्या फलकावर स्थानकांची यादी वाचूनच चढा. दुसरा सापळा संपाचा. रेल्वेचे संप तिथे अधूनमधून होतात आणि आधी जाहीर होतात. 'ग्रेव्ह' हा शब्द फलकावर दिसला की समजायचं. महत्त्वाची तिकिटं काढलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी सीपीच्या संकेतस्थळावर नजर टाका.

पहिली गाडी पहाटे साडेपाचच्या आसपास, शेवटची मध्यरात्रीनंतर एक-दीडच्या सुमारास. रात्री अकराच्या गाडीत आम्हाला कधी भीती वाटली नाही. खिसेकापू असतात ते शहरात, गर्दीच्या 28 आणि 15 क्रमांकांच्या ट्राममध्ये. पाठीवरची पिशवी तिथे पोटाशी घ्या. पासपोर्ट घरी कुलपात आणि त्याची प्रत खिशात. हरवलाच तर आधी पोलिसांत नोंद करा आणि मग भारतीय दूतावास गाठा. तो बेलेमच्या वरच्या अंगाला रेस्तेलो भागात आहे.

कुठे, कधी, कोणत्या वाटेने

दिवसाला एकच गाव. हा नियम मोडलात की उपनगरात राहण्याचा सगळा फायदा संपतो.

बेलेम. मंगळवार ते शुक्रवार, सकाळी उघडायच्या वेळेला. जेरोनिमुशचा मठ सोमवारी बंद असतो, आणि लिस्बनमधली बरीच सरकारी संग्रहालयंही. मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. तिकीट आधी ऑनलाइन काढा, नाहीतर अर्धा दिवस उन्हात रांगेत जाईल. 1837 पासून चालणाऱ्या 'पाश्तैश द बेलेम' दुकानाच्या दारातली रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत बसायला प्रशस्त जागा आहे, सरळ आत जा.

लिस्बन शहर. दोन दिवस वेगवेगळे ठेवा. एक आल्फामा आणि किल्ल्यासाठी, दुसरा शियादु-बाइशासाठी. चढावर आधी मेट्रो किंवा ट्रामने जा आणि मग चालत उतरा. तिथले पदपथ छोट्या गुळगुळीत दगडांचे असतात आणि पावसात साबणासारखे निसरतात. रबरी तळाचे बूट हवेत, चपला नकोत.

सिन्त्रा. हा दिवस बिघडण्याची शक्यता सर्वात जास्त, म्हणून थोडं सविस्तर. ओएराशहून दोन वाटा आहेत. एक, लोकलने काइश दु सुद्रे, दोन स्टेशनं मेट्रो, आणि रोसियु स्थानकातून सिन्त्राची गाडी, सुमारे चाळीस मिनिटं. दुसरी, कश्काइशला जाऊन तिथून पिवळी बस. आमचा सल्ला असा, की जाताना पहिली वाट धरा आणि येताना दुसरी. सकाळी सातला घर सोडा. पेना राजवाडा बघून दुपारी काबु द रोका मार्गे जाणारी बस घ्या. युरोपच्या मुख्य भूमीचं सर्वात पश्चिमेचं टोक ते हेच. तिथे अर्धा-पाऊण तास उभं राहा आणि पुढच्या बसने कश्काइशला उतरा. लोकलने पंधरा-वीस मिनिटांत घर. एकाच फेरीत तिन्ही होतं. बस चुकली तर मात्र पुढची बराच वेळ येत नाही. थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो उतरताक्षणी काढून ठेवा. वारा एवढा असतो, की सप्टेंबरातही स्वेटर लागला.

पेनाचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं आणि ती वेळ राजवाड्याच्या आतल्या दाराची असते. उद्यानाच्या फाटकापासून तिथपर्यंत चढ चढायला अर्धा तास धरा. उशीर झाला तर आत सोडत नाहीत, पैसेही परत मिळत नाहीत. ज्यांना चढ झेपत नाही, त्यांनी गावातला राष्ट्रीय राजवाडा पाहावा. तो स्टेशनपासून चालत गाठता येतो. सासूबाईंनी तोच पाहिला आणि त्यांची दुपार आमच्याहून चांगली गेली. सोमवारी सिन्त्राला जाऊ नका. लिस्बनची संग्रहालयं बंद, म्हणून सगळे त्या दिवशी तिकडेच जातात.

सोमवारी काय करायचं? काइश दु सुद्रेहून बोटीने दहा मिनिटांत नदीपार कासिल्यासला जा. नावेगांत कार्डच चालतं. संध्याकाळी तिथून दिसणारं लिस्बन पाहायला पैसे पडत नाहीत. किंवा कश्काइशला जाऊन एश्तोरिलच्या दिशेने समुद्राला लागून असलेल्या सपाट पायवाटेने चाला. वयस्कर माणसांसाठी याहून सोपी वाट नाही, आणि दमलात तर मध्ये कुठेही वळून लोकल पकडता येते.

लांबची ठिकाणं. ओएराशहून निघताना प्रत्येकाच्या प्रवासात एकेरी पाऊण ते एक तास मिळवा.

- ओबिदुश आणि माफ्रा: दोन्हींच्या बस कांपु ग्रांद स्थानकाजवळून सुटतात, आणि ते काइश दु सुद्रेपासून हिरव्या मेट्रोवरच आहे. ओबिदुश बसने सुमारे तासाभरावर. दोन्ही एका दिवशी करू नका.
- एव्होरा: लिस्बनहून गाडीने साधारण दीड तास. रोमन देवळाचे खांब आणि हाडांचं चॅपेल. दिवसात गाड्या मोजक्याच, म्हणून परतीचं तिकीट आधी काढा. उन्हाळ्यात तिथे आपल्या विदर्भाची आठवण येते.
- फातिमा: वसई आणि गोव्याच्या वाचकांचा हा हमखास प्रश्न असतो. सेत रियुश बसस्थानकावरून सुमारे दीड तास. 1917 साली 13 मे रोजी तिथे मारियाचं पहिलं दर्शन झालं असं मानतात. त्यामुळे मे ते ऑक्टोबर दर महिन्याच्या तेरा तारखेला गर्दी असते. सोहळ्यासाठी जायचं असेल तर ती तारीख धरा, शांतपणे प्रार्थना करायची असेल तर टाळा.
- पोर्तु: जाऊन-येऊन सहा तास नुसते गाडीत. एका दिवसात करू नका. तिथे वेगळ्या दोन रात्री काढा.

मधला रिकामा दिवस

दर तिसरा दिवस रिकामा ठेवा. उशिरा उठा, बाजारात जा, कपडे धुऊन बाल्कनीत वाळत घाला. तिथे सगळेच घालतात. पोंबालचा वाडा, किनाऱ्याची पायवाट आणि कवींचं उद्यान एवढं गावातच आहे. समुद्रात उतरणार असाल तर लाल झेंडा असताना पाण्याकडे फिरकू नका. अटलांटिक ऑगस्टातही थंडगार असतो. अलिबागच्या सवयीने धावत शिरलात तर तेवढ्याच वेगाने बाहेर याल.

पोटाचं काय?

शाकाहारी मंडळींना उपाहारगृहात जरा जड जातं, घरी मुळीच नाही. पिंगु दोस, कोंतिनेंत अशा दुकानांत छोले, राजमा, मसूर, तांदूळ, साधं दही सगळं मिळतं. कोथिंबीरही मिळते. युरोपात इतर ठिकाणी तिच्यासाठी वणवण करावी लागते, पोर्तुगीज स्वयंपाकात मात्र तिची जागा पक्की आहे. भाजीवाल्याकडे भाषेची अडचण येते म्हणावं तर 'बताता', 'कोव्ह', 'अनानाश', 'पांव' या चार शब्दांत तुमचे बटाटा, कोबी, अननस आणि पाव पिशवीत पडतात. घराची चावीसुद्धा तिथली 'शाव'. पोहे, गोडा मसाला आणि हिंग तेवढं घरून न्या.

बाहेर जेवताना:

- बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, लोणी पुढ्यात येतं. ते फुकट नसतं. पण न मागवलेल्या आणि न खाल्लेल्या पदार्थाचे पैसे लावायला कायद्याने मनाई आहे. नको असेल तर लगेच परत पाठवा. त्यात कुणाला राग येत नाही.
- 'सें कार्न, सें पैश' म्हणजे मांस नको, मासे नको. एवढ्याने भागत नाही. 'काल्दु व्हेर्द' या हिरव्या सूपमध्ये सॉसेजची चकती तरंगत असते, आणि गोड पदार्थ बहुतेक अंड्याच्या बलकाचे असतात. दर वेळी विचारा.
- काउंटरवर 'शामुसा' दिसेल. गोव्यामार्गे तिकडे पोचलेला हा आपला समोसाच, पण आत बहुधा खिमा असतो.
- मासे खाणाऱ्यांनी गावातल्या खाणावळीत दुपारचं 'प्रातु दु दिया' मागवावं. ताटभर असतं आणि शहरापेक्षा स्वस्त. जेवणाची वेळ साडेबारा ते अडीच. तीनला गेलात तर शेगडी बंद झालेली असते.
- नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. बाटल्या विकत घेऊ नका.

गावातल्या छोट्या दुकानांत परदेशी कार्ड कधी कधी चालत नाही, तेव्हा पन्नासेक युरो रोख जवळ ठेवा. पैसे 'मुल्तिबांकु' अशी पाटी असलेल्या यंत्रातूनच काढा. यंत्राने "रुपयांत की युरोत?" असं विचारलं तर युरोच निवडा, कारण रुपयांचा दर ते यंत्र स्वतःच्या फायद्याचा लावतं.

निघताना नावेगांत कार्डं टाकून देऊ नका. विकत घेतल्यापासून वर्षभर ती चालतात. आमची तिन्ही सध्या कोथरूडच्या एका कुटुंबाकडे आहेत. ते मे महिन्यात ओएराशला चालले आहेत.